ढगातली राखीव जागा

“पण यात खोटं काय आहे, बुवा?” पुष्कर उपासनीने विचारलं आणि तो पुन्हा उठून ओसरीवर येरझारा घालू लागला.

चिंतोबुवांनी त्याला बसायला सांगून पाहिलं होतं. आता ते मठातल्या पंगतीसाठी पत्रावळी पुसत होते.

“तुम्ही लोकांची माहिती त्या ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे ढगात, ठेवता म्हणजे नक्की कुठे ठेवता?”

“ढग म्हणजे आमची इमारत. तिसरा मजला.”

“ढगाला मजले असतात हे नवीन.”

“थट्टा नको, बुवा. आमचे भाडेकरू आहेत. कारखाने, पतपेढ्या, एक इस्पितळ. त्यांच्या संगणकांची हुबेहूब नक्कल आमच्याकडे सतत होत राहते. तिकडचा बंद पडला की इकडची नक्कल उठते आणि काम करू लागते.”

“उठायला जागा लागत असेल.”

“लागते. त्यासाठी मोठी यंत्रं मोकळी ठेवावी लागतात. ती मी ठेवली आहेत.”

“सगळ्यांना पुरतील एवढी?”

पुष्कर थांबला.

“एकाला पुरतील एवढी… पण राखून प्रत्येकाला दिली आहेत. सगळे एकदम थोडेच पडणार? याला नियोजन म्हणतात.”

“मग झोप का लागत नाही?”

“उद्या इस्पितळाला लेखी द्यायचंय, तुमची जागा तयार आहे म्हणून; त्यावर साहेब माझी बढती ठरवणार. त्यांच्या अतिदक्षता विभागाची सगळी यंत्रणा… तुम्ही फक्त ‘दे’ म्हणा.”

बुवा ‘दे’ म्हणाले नाहीत.

“जेवून घे. मागची खोली तुझी. स्वस्थ पड जरा.”

पंगतीला श्रीखंड होतं. मठात वैराग्य असतंच, पण ते साधारण जेवणानंतर सुरू होतं.

हात धुऊन पुष्कर मागच्या खोलीत गेला. खाटेवर एक निवृत्त मामलेदार घोरत होते. खाली सतरंजीवर एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आडवे झाले होते. पाऊल ठेवायला जागा नव्हती.

“अहो, ही खोली माझी आहे!”

“बुवांनी मला दिलीय,” मामलेदार डोळे न उघडता म्हणाले.

“मलाही,” खालून आवाज आला. “दार लोटा.”

पुष्कर तरातरा ओसरीवर आला.

“बुवा, एक खोली तिघांना दिलीत?”

“तिघांनाही राखून दिली.”

“आणि तिघं एकदम झोपले तर?”

“थोडेच झोपणार, म्हटलं.”

“कमाल करता! एका पंगतीत बसून एकच श्रीखंड चापलेली माणसं, ती एकदमच…”

त्याने मागच्या खोलीकडे वळून पाहिलं.

बुवा उष्टं काढत राहिले.

“…आमचे भाडेकरू,” पुष्कर हळूच म्हणाला, “सगळे एकाच वसाहतीतले आहेत. एकाच वीजकेंद्रावर.”

“बरं मग?”

तो मटकन खाली बसला. जेवण सोडलं तर सकाळपासून प्रथमच.

“उद्या लेखी देत नाही. साहेब बढती अडवतील, अडवू देत. पण इस्पितळासाठी जागा आणू कुठून, बुवा?”

बुवांनी गोळा केलेल्या पत्रावळी त्याच्या हातात दिल्या.

“तू जागा झालास ना? मग तीही होईल.”