टुमीची टोपी आणि फुसफुसणारी नळी

टुमी बेडकी होती एवढीशी. तिची लाल टोपीही एवढीशीच. एकदा वारा आला, सूंऽऽ! टोपी उडाली आणि माडाच्या शेंड्यावर जाऊन बसली. टुमीचं डोकं उन्हानं तापलं. ती लागली भोकाड पसरायला.

अंगणात होतं पिवळं विमान. पद्माकरकाकांनी घरीच बनवलेलं.

टुमी गेली, टुणुक टुणुक.
“विमाना, विमाना, उड ना! माझी टोपी खाली पाड ना!”
“मी नाही उडणार, जा! आधी इंजिन घुरघुरेल, मग मी उडेन.”

टुमी गेली, टुणुक टुणुक.
“इंजिना, इंजिना, घुरघुर ना!
विमान उडेना,
माझी टोपी मिळेना!”
“मी नाही घुरघुरणार, जा! आधी पंप पेट्रोल देईल, मग मी घुरघुरेन.”

टुमी गेली, टुणुक टुणुक.
“पंपा, पंपा, पेट्रोल दे ना!
इंजिन घुरघुरेना,
विमान उडेना,
माझी टोपी मिळेना!”
“मी नाही देणार, जा! नळीतून नुसती हवाच येते, फुस्स! आधी नळी हवा थांबवेल, मग मी पेट्रोल देईन.”

टुमी गेली, टुणुक टुणुक.
“नळी, नळी, हवा थांबव ना!
पंप पेट्रोल देईना,
इंजिन घुरघुरेना,
विमान उडेना,
माझी टोपी मिळेना!”
“मी नाही थांबवणार, जा! आधी काका पाना फिरवतील, मग मी हवा थांबवीन.”

टुमी गेली, टुणुक टुणुक. काका गाल फुगवून नळीत फुंकत होते, फू! फू!
“काका, काका, पाना फिरवा ना!
नळी हवा थांबवेना,
पंप पेट्रोल देईना,
इंजिन घुरघुरेना,
विमान उडेना,
माझी टोपी मिळेना!”
“मी नाही फिरवणार, जा! पेट्रोल कुठेच ठिबकत नाही. मग हवा शिरते कुठून? पाना फिरवू तरी कुठे?”

आता मात्र टुमीला आला राग. तिनं मारली उडी, डुबुक! कुठे? काकूंच्या साबणाच्या बादलीत!
“अगं ए कार्टे! माझं धुणं!” काकू ओरडल्या.
टुमी ऐकते थोडीच! फेसानं माखली आणि नळीवर नाचली, टुणुक टुणुक. नळीभर फेसच फेस!
काकांनी फुंकलं, फू! एका नटापाशी आले बुडबुडे, बुड बुड बुड!
“सापडली!” काका म्हणाले. “फुंकलेली हवा इथून बाहेर येते, म्हणजे हवा शिरतेही इथूनच!”

काकांनी पाना फिरवला, कर्र कर्र.
नळीनं हवा थांबवली, चिडीचूप.
पंपानं पेट्रोल दिलं, गट गट.
इंजिन घुरघुरलं, घुर्रर्र.
काका बसले, विमान उडालं, भुर्रर्र!
माडाच्या झावळ्या हलल्या, सळसळ.
टोपी पडली टपकन, थेट टुमीच्या डोक्यावर!

काकू आल्या धावत. “थांब कार्टे, कानच पिळते तुझा!”
काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बेडकीचा कान काही सापडेना!
टुमी खुदकन हसली. टोपी सावरत पळाली, टुणुक टुणुक टुणुक!