आईचा घास

फार जुनी गोष्ट आहे, मध्ये बोलू नका.

एका बोडक्या डोंगरावर एक गाव होतं. तिथे कुसळसुद्धा उगवत नसे. पण कपारीतून ठिणगीने पेट घेणारा वारा निघे. गावकरी तो कातडी पखालींत भरत, गाढवांवर लादत आणि दूरच्या राजधानीत विकत. तिथल्या चुली त्यावर पेटत, इथली पोटं त्यावर भरत.

गावची एक रीत होती. वाटेत मुक्काम पडला की प्रत्येक पखालीचं तोंड सैल करून थोडा वारा सोडायचा. हा डोंगराच्या देवीचा मान. त्याला म्हणायचे आईचा घास.

एके वर्षी तांड्याचा म्होरक्या भिवजी राजधानीच्या वेशीवर पोचला, तर तिथे पाण्याचं टाकं. सांडलेल्या वाऱ्याने हवा तापते, झाडं करपतात, म्हणून गळकी पखाल आत घ्यायची नाही, असा राणीचा नवा हुकूम. पहारेकऱ्याने पखाल बुडवली. सोडून सोडून तोंडाच्या वाद्या ढिल्या झालेल्या. बुडबुडेच बुडबुडे. सगळा माल परत.

पिढ्यान्‌पिढ्या आमच्या जिवावर भाकऱ्या भाजल्या आणि आता आम्हीच वाईट, असं भिवजी वाटभर बडबडला. खोटं नव्हतं ते. पण माल खपला नाही तर गावाने खायचं काय, खडक?

त्याची म्हातारी आत्या पखाली शिवायची. तिने सगळं ऐकलं, दोरा दाताने तोडला.

"भिवा, आई राहते कुठं?"

"डोंगरावर."

"मग तिचा घास परमुलखात का सांडतोस? वाटेवर सांडलेलं आई खात नसते, गाढवा."

रीत मोडली तर कोप होईल, असं गाव कुरकुरलं. झाला तर माझ्यावर होऊ दे, म्हणाला भिवजी. देवीपुढे त्याच वाऱ्याचा एक दिवा लावला, वाद्या करकचून आवळल्या आणि तांडा निघाला.

टाक्यात एक बुडबुडा आला नाही. पण राणीने माल घेतला तो निम्माच.

"तुझा वारा अजून लागतो," ती म्हणाली, "पण दरसाल कमी लागेल. खोटी आशा लावत नाही."

घराघरांच्या छपरांवर तांब्याच्या परातींत ऊन धरून भात शिजत होता. भिवजी बघतच राहिला. ज्या उन्हाला त्याचं गाव जन्मभर शिव्या देत आलं, तेच हे ऊन. त्याने मालाच्या बदल्यात दाणे घेतले, आणि पराती ठोकणारा एक तांबटही मागून घेतला.

पलीकडच्या डोंगरावरचे लोकही असाच वारा विकत, ते त्याला हसले. त्यांनी गळक्या पखालींना वरून नुसता चिखल थापला. टाक्यात तो विरघळला. ते अजून वेशीवर राणीच्या नावाने बोटं मोडत बसलेत. भिवजीच्या गावानेही हाल काढले, पण ते तांबटाकडून पराती ठोकायला शिकलं आणि तिथली एकही चूल विझली नाही.

गिऱ्हाईक बदललं म्हणून बोंब मारण्याआधी आपली गळती शिवावी, आणि उद्याची भाकरी कशावर भाजायची तेही आजच बघून ठेवावं.