दीनाचा कोयता

प्रार्थनालयाच्या पायरीशी हा काळा धोंडा दिसतोय ना, त्यावरचे चरे मोजत बसू नका, दिवस मावळेल. ते कोयत्याचे आहेत. मी एरुशाबाई, इथल्या किल्ल्या माझ्याकडे असतात. आम्ही या पाणेऱ्याचे बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी शांत माणसं. पण आमचा मूळ पुरुष शिमोन, असं सांगतात, आणि शिमोन काही शांत नव्हता.

शिमोन हा याकोबबाबाचा दुसरा मुलगा. त्याची धाकटी बहीण दीना शेजारच्या शहरात मैत्रिणींकडे गेली, तर तिथल्या सरदाराच्या पोराने, शखेमने, तिच्यावर जबरदस्ती केली आणि तिला घरातच ठेवून घेतलं. वर त्याचा बाप सोयरिकीचं बोलायला आला! याकोबबाबा गप्प बसला. ते गप्प बसणं मला अजून झोंबतं.

शिमोन मात्र गोड बोलला. "सोयरीक हवी तर तुमच्या सगळ्या पुरुषांनी आमच्यासारखी सुंता करून घ्या." त्यांनी केली. तिसऱ्या दिवशी सगळे कण्हत पडलेले असताना शिमोन आणि त्याचा भाऊ लेवी तलवारी घेऊन शहरात शिरले. एक पुरुष सोडला नाही. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

रक्ताच्या हातांनी शिमोनने बहिणीला बाहेर आणलं. त्याला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. दीना म्हणाली, म्हणे, "दादा, मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?"

"शखेमला मी मारणार होते. रोज उशाशी सुरी ठेवून वाट बघत होते. माझा सूडसुद्धा तू हिसकावलास, आणि त्या बाकीच्यांच्या बायकांचे तळतळाट मला ठेवलेस."

शिमोनने पुन्हा तिच्या नजरेला नजर दिली नाही. मरताना बापाने शाप दिला, तुझा वंश विखरून जाईल. विखरत विखरत, फुटक्या गलबतातून आम्ही या किनाऱ्याला लागलो, असं सांगतात. सगळं बुडालं, दीनाचं बोलणं तेवढं तरलं.

म्हणून लग्नाच्या दिवशी भाऊ नवरीच्या हातात कोयता देतो आणि चारचौघांत विचारतो, "बाय, तुझं काय म्हणणं?" नवरा पसंत असेल तर ती कोयता या धोंड्यावर एकदा घासून खाली ठेवते. मगच पायरी चढते.

माझ्याही भावाने विचारलं होतं. नवऱ्या मुलाने त्याआधी मला ओढ्यावर एकटी गाठून हात धरला होता, ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मी त्या नवऱ्या मुलाकडे बघत राहिले आणि कोयता खाली ठेवला नाही. वऱ्हाड आल्या पावली परत गेलं.

तो हात धरणारा पलीकडच्या वाडीत राहतो, म्हातारा झालाय. आजही या धोंड्यासमोरून जायची त्याची छाती होत नाही, प्रार्थनेला मागच्या दाराने येतो. ते दार मी आजही सगळ्यांच्या शेवटी उघडते.