बिनझाकणाची कुंडिका

थांबा ताई, फोटो मागाहून. आधी ओंजळ करा, पाणी प्या. लेण्याच्या टाक्यावर आलेल्याला नाव-गाव विचारायच्या आधी पाणी द्यायचं, ही इथली रीत. तेही या काशाच्या कुंडिकेतूनच. वरची ही बारीक मान ओतायला, खांद्यावरचं तोंड भरायला. त्या तोंडाला झाकण मात्र नाही.

हिचा घाट, म्हणजे घडण, आपल्याच भिक्खूंची. त्यांच्याबरोबर तो पार कोरियापर्यंत गेला, आणि तिकडच्या कारागिरांनी त्यावर चांदीची तार ठोकून बदकं नि झुकलेली झाडं काढली. पुसट झालंय, पण हात फिरवा, लागतील.

हजारेक वर्षांमागे तिकडचा एक म्हातारा भिक्खू ही घेऊन इथवर आला, म्हणे. जिथून हा घाट निघाला तिथलं पाणी हिच्यात भरायचं, एवढाच त्याचा नेम. पण साल दुष्काळाचं. टाक्यात तळाला गाळ, घरटी दिवसाला एक तांब्या. वाटसरूला नाही म्हणणं पाप, म्हणून पाटलाने वरच्या मानेत तांब्या तिरका केला. पाणी सांडून गेलं. पुन्हा ओतलं, तेही सांडलं.

"याचं भांडं पाणी घेत नाही," पाटील म्हणाला. "देवाच्याच मनात नाही, आपण काय करणार?"

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. खांद्यावरच्या तोंडाला तेव्हा झाकण होतं, पण भिक्खूची जीभ सुजलेली, बोटांत ते उघडण्याइतकाही जोर नाही. तो नुसता कुंडिकेच्या खांद्यावर थोपटत राहिला. लोक म्हणाले, शाप देतोय.

गर्दीत देमाई होती, कासाराची सून. जन्म भांड्यांत गेलेला. खांद्यावरची बिजागरी तिला दिसली, सगळं कळलं. पण घरी तान्हं पोर तापाने फणफणलेलं, आणि तिचा तांब्या अजून भरायचा होता. गप्प बसली हो. आपला तांब्या भरून निघून गेली.

दुपार कलायच्या आत भिक्खूने या पायरीवर प्राण सोडला.

त्याला पुरताना देमाई परत आली आणि सगळ्यांपुढे तिने झाकण उघडून दाखवलं. आत पाणी गाळायचं फडकं होतं, पाण्यातला किडाही मरू नये म्हणून भिक्खू ठेवतात ते. कुणी मान वर केली नाही. तिने झाकण बिजागरीतून उपटलं आणि त्याच्या मुठीत ठेवलं, असं सांगतात.

आजही कासाराच्या घरचं माणूस रोज इथे बसतं, आल्यागेल्याला पाजल्याशिवाय घोट घेत नाही. लोक म्हणतात, केवढं पुण्य! पुण्य कसलं, डोंबल! देमाईचं पोर जगलं. तो आमचा मूळपुरुष. भिक्खूच्या वाट्याचं पाणी त्याने प्यायलं, म्हणून मी आहे.

घ्या ताई, अजून घ्या.