भिवराची कुंची

जांभुळखोरे गावी, नदीकाठच्या उंबराखाली उगेमहाराज राहत. गंडा नाही, ताईत नाही, अंगारा नाही. कोणी दुःख घेऊन आले की महाराज म्हणत, "उगे बसा. मनात येईल ते येऊ द्या. धरू नका, हाकलू नका." त्यावरूनच त्यांचे हे नाव पडले.

भिवरा कोष्टीण तिथे रोज येऊन बसे. तिचे तान्हे मूल तापाने गेले होते. डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी त्याची कुंची ओटीत घेऊन ती डोळे मिटी आणि रडू लागे. गावचे त्र्यंबकशास्त्री हसत. "वाहवा! ध्यान वैराग्याचे आणि ओटीत कुंची!"

एकदा कळवळून ती म्हणाली, "म्हाराज, सुटत न्हाई ओ ही. नदीत टाकू का?"

"टाकणे म्हणजेही हाकलणेच, बाई," महाराज म्हणाले. "सुटेल तेव्हा सुटेल. तू बस."

खरी साधना कशी असते ते दाखवायला शास्त्रीबुवांनी एके दिवशी त्याच उंबराखाली होम मांडला. मांडीवर वर्षाचा लाडका नातू. महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, वर आग्या मोहोळ आहे. धूर नको."

"मन एकाग्र असले की माशा काय करणार!"

धूर वर चढला आणि मोहोळ उठले! मंडळी वाट फुटेल तिकडे पळाली. सर्वांच्या पुढे शास्त्रीबुवा! आणि नातू? तो बिचारा होमाशेजारीच रडत राहिला.

ते रडणे भिवराच्या काळजात घुसले. आपले मूल गेल्यापासून तिने दुसऱ्याच्या लेकराला हात लावला नव्हता. ती धावली. कुंची त्याच्या डोक्याकानांवरून ओढली, त्याला पदराखाली घेतले आणि तिथेच बसली. माशा तिच्या हातांवर, गालांवर, पापण्यांवर बसल्या. एक हात झटकला असता तरी दोघांची धडगत नव्हती.

महाराज शेजारी येऊन बसले. "उगी, बाई. धरू नकोस, हाकलू नकोस."

भिवरा नुसता श्वास घेत राहिली. भीती आली, गेली. आपल्या बाळाचा चेहरा आला, तोही गेला. मग महाराजांनी हात वर केला मात्र, सारे मोहोळ उठून नदीपार निघून गेले. दोघांना एकही डंख नाही! काय ही कृपा! पदराखाली बाळ झोपी गेले होते.

सुजलेल्या तोंडाने शास्त्रीबुवा परतले. त्यांनी नातवाला घेतले आणि कुंचीचे बंद सोडू लागले. "ही तुझी... तुझ्या बाळाची..."

भिवराने त्यांना थांबवले. "ऱ्हाऊ द्या, शास्त्रीबुवा. त्याला नीट बसलीया."

शास्त्रीबुवांनी नातवासकट तिच्यापुढे मातीत डोके टेकले. भिवराच्या डोळ्यांना पाणी आले. ते तिने धरले नाही, हाकललेही नाही.