धारेखालची वाळू

चारी बाजूंनी काच असलेल्या त्या खाऱ्या राज्यात वाळू पांढरी असायला हवी होती, आणि ती पांढरी राहत नव्हती. सकाळी झाडून काढावी, तर संध्याकाळी तिच्यावर पुन्हा तपकिरी साय धरलेली. खडकांवर तीच, काचेवरही तीच. शंखांनी ती खाऊन खाऊन पोटं फुगवली, खेकड्यांनी खरवडून नांग्या बोथट केल्या, पण साय काही हटेना. प्रवाळांची तोंडं तिच्याखाली गुदमरू लागली, तेव्हा मात्र सगळ्यांची झोप उडाली.

या राज्यातलं पाणी हळूहळू आटत असे आणि खारटपणा झोंबू लागे. मग वरून गोड्या पाण्याची धार येई आणि सगळ्यांच्या जिवात जीव येई. धारेचा मान मोठा. ती पडत असेपर्यंत सर्वांनी भोवती जमून वर पाहायचं, अशी रीत होती. त्या वेळी खाली पाहणं म्हणजे धार देणाऱ्या वरच्याचा अपमान.

राखण्या तेवढा ती रीत गुपचूप मोडायचा. हा पट्टेरी अंगाचा लहानसा मासा टिचकी नावाच्या कोळंबीच्या बिळात राहायचा. टिचकीला जवळजवळ दिसतच नसे. ती दिवसभर वाळू उपसायची, तो दारात बसून पहारा द्यायचा, आणि तिची एक मिशी कायम त्याच्या शेपटीवर टेकलेली असायची. पहारेकऱ्याने नजर वर लावून कसं चालेल? तो धारेच्या वेळीही खालीच पाहायचा. त्यामुळे तपकिरी साय आधी कुठे धरते हे त्याला ठाऊक होतं. जिथे धार पडे, तिथेच. पण कशाला उगाच वाईटपणा घ्या, म्हणून तो गप्प राहिला होता.

एके दिवशी थोरल्यांनी सभा बोलावली. थोरले म्हणजे पिवळ्या अंगाचा, सगळ्यांत जुना मासा. राज्यात त्यांचा शब्द चाले.

"वाळू कोण उकरतं?" थोरल्यांनी विचारलं. "टिचकी. वाळूच्या पोटातली घाण वर कोण आणतं? टिचकीच. बिळावर दगड लोटा."

 दगडाआड पाणी खेळत नाही, टिचकी फार तग धरणार नाही, हे राखण्याला कळत होतं. "थोरले, तिचा काही दोष नाही," तो म्हणाला. "धार पडते तिथून सुरू होतं ते. मी पाहिलंय."

"म्हणजे धार पडताना तू खाली पाहत होतास?"

सभेत कुजबुज झाली. राखण्या गडबडला. "धार नको असं नाही म्हणत मी. तिच्यावाचून मरूच आपण. फक्त वरच्याला एवढं सांगा, की जरा गाळून दे."

"वरच्याला सांगा म्हणतो!" थोरले हसले. मग बाकीचेही हसले, कारण थोरले हसल्यावर हसायचं असतं.

शेवटी राखण्याने एक शब्द मागून घेतला. टिचकी कोंडलेली असतानाही पुढच्या धारेला साय आली, तर ती निर्दोष. दगड तिथल्या तिथे काढायचा. थोरल्यांनी खुशाल शब्द दिला. दगड लोटला गेला, आणि शेपटीवरची मिशी सुटली. राखण्याला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

तो दगडाला चिकटून राहिला. आतून तिची नांगी वाजे, टक्. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक्, आधीपेक्षा बारीक. पाणी आटत चाललं होतं. धार येऊ दे, लवकर येऊ दे, असं तो आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून घोकत होता.

धार आली. सगळे जमले, माना वर झाल्या. राखण्या खाली पाहत राहिला. आधी धारेखाली एक तपकिरी ठिपका आला, मग तो पसरत पसरत दगडावर चढला. राखण्याला इतका आनंद झाला की तो ओरडलाच, "आली! साय आली! पाहा ना खाली!"

धार थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळ्यांनी खाली पाहिलं.

थोरले दगडाभोवती एक फेरी मारून आले. "कोंडलेली असून एवढं करते," ते हळूच म्हणाले. "मोकळी असती तर काय केलं असतं! अजून एक दगड आणा."

"शब्द दिला होता तुम्ही!"

"निर्दोष असेल तर, असा दिला होता."

दुसरा दगड जड होता. सगळ्यांनी मिळून तो ढकलला, तेव्हा त्याच्यावरची साय त्यांच्या परांना, नांग्यांना, तोंडांना फासली गेली. राखण्या मध्ये आडवा पडला. त्याला बाजूला सारलं. दगड बसला. त्याने फटीला कान लावला, पण आत काहीच वाजत नव्हतं.

एवढ्यात वरून पुन्हा धार सुरू झाली. मंडळींनी आपली तपकिरी अंगं एकमेकांना दाखवून नाकं मुरडली, आणि ती स्वच्छ धुऊन काढायला सगळे जण माना वर करून त्या धारेखाली रांगेत उभे राहिले.