शेवटचा हात

बार्शीची हर्षदा मोबाईलवरून कंपनीच्या मालाच्या लिंक पाठवायची. कुणी खरेदी केली की आधी गिऱ्हाईक पटवणाऱ्याला कमिशन मिळायचं, त्यावर तिच्या बाळाचं दूध चालायचं. पण नियम सारखे बदलायचे. या खेपेला ती बाळाला घेऊन मीटिंगला गेली, तर कंपनीचे भोपटकर साहेब म्हणाले, “गिऱ्हाइकाला कुणीही पटवू दे. ज्याची लिंक शेवटी दाबली, कमिशन त्याचंच.”

“आणि आधी महिनाभर मी डोकं शिणवलं ते?”

“ते मोजायचं नाही. शेवटचा हात ज्याचा, सगळं त्याचं.”

“बरं. जरा बाळाला घेता का, साहेब?”

साहेबांनी कौतुकानं घेतलं आणि घटकेत त्यांची पँट ओली झाली.

“अहो ताई, घ्या याला.”

“मी कशी घेऊ? नऊ महिने पोटात वाढवलं, पण ते मोजायचं नाही ना. शेवटचा हात तुमचा. हे घ्या दुपटं.”

मीटिंगला आलेल्या बायका हसायला लागल्या. बाळाला लांब धरून साहेब हळूच म्हणाले, “ताई, जुनाच नियम ठेवू.”